छातीवर ओरखडाही नव्हता

परांचीवरून खाली आले तेव्हा माझं काय काय मोडलं, ते मला कुणी मध्यरात्री उठवून विचारलं तरी सांगता येईल. कमरेच्या हाडांचं कडं दोन ठिकाणी, डाव्या मांडीचं हाड मधोमध, डावं मनगट. बरगड्या सगळ्या शाबूत. छातीच्या मधलं हाड शाबूत. डोक्यावर हेल्मेट होतं, त्यामुळे डोकंही वाचलं. छातीवर साधा ओरखडा नव्हता. आणि तरी अतिदक्षता विभागातल्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांचा जीव टांगणीला लागला होता तो माझ्या हृदयापायी.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. उभ्या इमारती तपासणं हे माझं काम, आणि पडले तीही तपासणीच करताना, साधारण दोन मजल्यांच्या उंचीवरून. पडण्याविषयी लिहिण्यासारखं फार नाही. फळी सरकली आणि मी खाली होते. लिहायचंय ते पुढच्या दीड-दोन वर्षांबद्दल. कारण मोडलेल्या हाडांबद्दल सगळ्यांना सगळं कळतं, एक्स-रे उजेडात धरला की शेजारच्या बाईंनाही कळतं. जबर अपघातात हृदयही जखमी होऊ शकतं, आणि तेही त्याला धक्का न लागता, हे मात्र मला अजून प्रत्येक वेळी नव्याने समजावून सांगावं लागतं.

पहिल्या दिवसांच्या माझ्या स्वतःच्या अशा आठवणी थोड्याच आहेत. बाकीचं नवऱ्याकडून, दादाकडून आणि फाइलीतून जमवलेलं. कमरेचं कडं मोडलं की आतल्या आत एवढा रक्तस्राव होऊ शकतो की बाहेर थेंबही न दिसता माणूस पांढराफटक पडतो. एकट्या मांडीच्या हाडाभोवती लिटर-दीड लिटर रक्त साचू शकतं, आणि मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं पाच लिटरच्या आसपास. त्यामुळे मला आणलं तेव्हा रक्तदाब कोसळलेला होता, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. कमरेला पट्टा आवळला, रक्ताच्या पिशव्या चढल्या, कमरेला आणि मांडीला बाहेरून सळयांची चौकट लावली, रक्त थांबलं. इथपर्यंत सगळं जसं व्हायला हवं तसं झालं.

नवल पुढे वाटलं. रक्त थांबलं होतं, हिमोग्लोबिन वर आलं होतं, पण रक्तदाब औषधाशिवाय टिकेना. नॉरअॅड्रेनॅलिनचा पंप कमी केला की आकडा खाली यायचा. नाडी १२०-१३० च्या खाली उतरायला तयार नव्हती. ताप, वेदना, भीती, यातल्या कशानेही नाडी वाढते, म्हणून पहिला दिवस त्यावर गेला. दुसऱ्या दिवशी तिथल्या बाईंनी, म्हणजे अतिदक्षता विभागाच्या प्रमुख डॉक्टरांनी, ईसीजी पुन्हा काढायला लावला आणि रक्तातलं ट्रोपोनिन तपासायला पाठवलं. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूच्या पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरतं. सीके-एमबी नावाची जुनी तपासणीही असते, पण माझ्यासारख्या रुग्णात ती कुचकामी, कारण मांडीचे स्नायू चिरडले गेले की तीही वाढते. ट्रोपोनिन तसं फसवत नाही. माझं वाढलेलं निघालं, काही तासांनी पुन्हा तपासलं तर आणखी वर गेलेलं.

इथे घरच्यांनी ऐकलं ते एवढंच: हार्ट अटॅक. दादाने त्या रात्री तीन ठिकाणी फोन करून तसं सांगून टाकलं, आणि ती बातमी आजतागायत आमच्या नात्यागोत्यात फिरते आहे. ट्रोपोनिन वाढलं म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली, एवढंच ठरतं. इजा कशाने झाली ते त्यावरून ठरत नाही. अटॅकमध्ये रक्तवाहिनी तुंबते आणि तिच्या पलीकडचा स्नायू उपाशी मरतो. अपघातात रक्तवाहिनीच्या अस्तराला चीर जाऊनही तसं होऊ शकतं, म्हणून माझ्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी काढला. वाहिन्या स्वच्छ होत्या.

त्याआधी झालेला इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचं चित्र काढण्याची तपासणी, मला अर्धवट आठवतो. इको करताना रुग्णाला डाव्या कुशीवर वळवतात, म्हणजे हृदय छातीच्या भिंतीजवळ येतं आणि चित्र नीट दिसतं. मला वळवणं शक्य नव्हतं. कमरेतून सळया बाहेर आलेल्या, जरा हलवलं की मी किंचाळायचे. मग त्या तरुण डॉक्टरने प्रोब बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या बाजूला दाबून तिथून वर बघायला सुरुवात केली. थंडगार जेल, आणि तो सारखा म्हणतोय, “श्वास आत घ्या ताई, धरून ठेवा, सोडा.” आम्ही काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवतो, त्या किती वेगाने पलीकडे पोचतात त्यावरून आत पोकळी आहे की भेग ते ताडतो. तत्त्व फारसं वेगळं नाही. म्हणून असेल, त्या गुंगीतही मी स्क्रीनकडे मान वळवायचा प्रयत्न करत होते असं नवरा सांगतो. त्याने विचारलं, “काय दिसतंय?” डॉक्टर म्हणाला, “सगळीकडूनच कमी आकुंचन पावतंय.”

आकडा आला ३५ टक्के. हृदयाचा डावा कप्पा रक्ताने भरला की प्रत्येक ठोक्याला त्यातलं किती रक्त तो बाहेर ढकलतो, त्याची ही टक्केवारी. निरोगी हृदयातही ती शंभर नसते, साधारण ५५ ते ७० असते. हे कुणी दादाला सांगेपर्यंत तो बाहेर बाकावर बसून “पस्तीस म्हणजे काठावर पास” असं स्वतःची समजूत घालत होता.

मग प्रश्न उरला तो कशामुळे हा. हृदयरोगतज्ज्ञ दिवसातून एकदा येत. वयस्कर, कमी बोलणारे, पण विचारलं तर पूर्ण उत्तर देणारे. मी शुद्धीत नीट बसते झाल्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते मी मनगटाला प्लास्टर नसलेल्या हाताने वहीत उतरवून घेतलं. छातीवर थेट आघात झाला, उदाहरणार्थ गाडीचं स्टिअरिंग छातीत घुसलं, तर हृदयाला खरोखरची मुकी जखम होते, आणि ती बहुतेकदा उजव्या कप्प्याला, कारण तोच छातीच्या हाडामागे लागून असतो. माझं तसं दिसत नव्हतं. उजवा कप्पा ठीक होता आणि छातीचा सीटी निर्मळ. दुसरी शक्यता, उंचावरून पडताना शरीर एकदम थांबतं पण आत लटकलेलं हृदय क्षणभर पुढे जात राहतं, त्या हिसक्याची. ती पूर्ण नाकारता येत नव्हती. तिसरी, प्रचंड ताणानंतर हृदय अचानक दुबळं पडण्याचा तो प्रकार, जो जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये पहिल्यांदा मांडला. त्यात सहसा हृदयाचं टोक फुग्यासारखं होतं आणि बाकीचा भाग जोरात आकुंचन पावतो. माझ्यात सगळ्याच भिंती सारख्या मंदावल्या होत्या.

राहिली चौथी, आणि त्यांचा कौल तिच्या बाजूने होता. मोठ्या अपघातात हाडं आणि स्नायू चिरडले जातात तेव्हा लाखो पेशी फुटतात. त्यांच्या आतला ऐवज, जो कधी बाहेर यायचाच नसतो, तो रक्तात मिसळतो. त्यात हिस्टोन नावाची प्रथिनं असतात, एरवी पेशीच्या केंद्रात डीएनए गुंडाळून ठेवणारी. ती मोकळी झाली की हृदयाच्या पेशींना विषासारखी बाधतात, त्यांच्यातली कॅल्शियमची ये-जा बिघडवतात, आणि हृदयाचं आकुंचन तर कॅल्शियमवरच चालतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं आहे. त्यात भर म्हणजे शरीरभर पेटलेला दाह, काही तास रक्त कमी पडल्याने झालेली उपासमार, आणि अॅड्रेनॅलिनचा पूर. “तुमच्या हृदयाला कुणी मारलं नाही,” ते म्हणाले, “तुमच्या पायाने त्याला आजारी पाडलं.”

ते वाक्य मी अजून विसरलेले नाही, आणि खरं सांगायचं तर त्या वाक्याने मला बरं वाटलं. गोष्टीला कार्यकारणभाव असला की मला निम्मं दुखणं कमी झाल्यासारखं वाटतं. धंद्याचा दोष.

पण त्याच वाक्याचा दुसरा अर्थ असा होता की पायाचं काम काढलं तर हृदय पुन्हा मार खाईल. मांडीच्या हाडात सळई घालायची तर पोकळी कोरावी लागते. कोरताना मज्जेतली चरबी रक्तात ढकलली जाते, ती फुप्फुसांत जाऊन अडकते, उजव्या कप्प्यावर भार पडतो आणि दाह नव्याने भडकतो. अस्थिरोगतज्ज्ञ याला दुसरा घाव म्हणतात. जखमी माणसाचं सगळं पहिल्याच दिवशी दुरुस्त करायला गेलं तर तो टेबलावरच खचू शकतो, म्हणून आधी बाहेरून चौकट लावून हाड नुसतं धरून ठेवायचं आणि शरीर सावरलं की मग कायमचं काम करायचं, ही पद्धत त्यातूनच आली. माझ्या खाटेभोवती रोज सकाळी यावर वाद चाले. अस्थिरोगतज्ज्ञांना घाई होती, कारण चौकटीच्या खिळ्यांच्या वाटेने जंतू शिरतात आणि उशीर झाला की मांडीचं हाड जुळवणं अवघड होतं. भूलतज्ज्ञ ३५ टक्क्यांच्या हृदयाला भूल द्यायला राजी नव्हत्या. दोघंही बरोबर होते, हेच अवघड होतं. मी मधे पडून ऐकत असे. माझ्या कामात मी अशा बैठका घेते, फक्त त्यात इमारत ऐकत नसते.

ही वाट पाहत असताना एका संध्याकाळी छातीत पाखरू फडफडावं तसं सुरू झालं. मॉनिटर कोकलायला लागला. ठोके १५० च्या वर आणि त्यांना काही ताल नाही. एट्रियल फिब्रिलेशन. जखमी हृदयात हे होऊ शकतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच तर तारा लावून ठेवल्या होत्या. ताल सावरणारं अॅमिओडॅरोन शिरेतून सुरू केलं, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासून भरलं, आणि पहाटे कधीतरी ताल जागेवर आला. असा ताल बिघडला की रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून रक्त पातळ करायचं औषध देतात. माझ्या कमरेत नुकताच मोठा रक्तस्राव होऊन गेलेला. पुन्हा खाटेभोवती बैठक. ताल रात्रीतच परत आल्यामुळे पूर्ण मात्रा टळली, पायात गुठळी होऊ नये म्हणून देतात तेवढ्या छोट्या मात्रेवर निभावलं.

साधारण दीड आठवड्याने इको ४२ वर आला, पंप बंद झाले आणि मांडीत टायटॅनियमची सळई बसली. कमरेचं काम त्याच आठवड्यात पुढे झालं. शस्त्रक्रियांबद्दल लिहीत नाही, मी झोपले होते.

वॉर्डात आल्यावर हृदयाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तिथे एक वेगळीच कसरत निघाली. बिसोप्रोलॉल, रामिप्रिल, एप्लेरेनोन, आणि पाणी काढणारी फ्युरोसेमाइड. पहिल्या तीन हृदयावरचा भार आणि ताण कमी करून त्याला सावरायला वेळ देतात, पण देता देता रक्तदाबही उतरवतात. फिजिओथेरपीवाला मला खाटेच्या कडेला पाय सोडून बसवायचा, आणि मी डोळ्यांपुढे अंधारी येऊन पुन्हा आडवी. आठवडाभर असं झालं की आज पाय हलायला तयार आहे पण दाब तयार नाही, उद्या उलट. शेवटी गोळ्यांच्या वेळा वाटून दिल्या, काही गोळ्या रात्री झोपताना, आणि सकाळच्या व्यायामाला मी रिकामी. एवढी साधी युक्ती एका परिचारिकेने सुचवली.

घरी सोडताना जो कागद मिळाला त्यात हाडांच्या विभागाने लिहिलेली एक वेदनाशामक गोळी होती, डायक्लोफेनॅकची. हृदयाच्या विभागाने वेगळ्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं: या वर्गातली वेदनाशामकं घेऊ नयेत. दोन्ही कागद एकाच पाकिटात. या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, दुबळ्या हृदयावर त्याचा भार येतो, आणि सोबत रामिप्रिल आणि फ्युरोसेमाइड असेल तर मूत्रपिंडालाही धोका. नवरा औषधांच्या दुकानातून फोन करून विचारत होता, “ही आणू का?” मी पाकीट उघडून दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले म्हणून कळलं. कुणाला दोष द्यावा असं नाही. प्रत्येक विभाग आपापल्या अवयवाचं लिहितो. पण ज्यांच्या अंगावर असे दोन विभाग एकदम काम करताहेत त्यांनी सगळे कागद एका जागी मांडून कुणालातरी, एका डॉक्टरला, पूर्ण यादी वाचायला लावावी. माझं पॅरासिटामॉलवर आणि दुसऱ्या एका गोळीवर भागलं. दुखलं जास्त. पण पाणी साचलं नाही.

पाणी साचतंय का, हे पाहायला रोज सकाळी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन. कुबड्या घेऊन वजनकाट्यावर उभं राहणं हा एक प्रकारच आहे. कुबड्या काट्यावर टेकवल्या तर त्यांचं वजन धरलं जातं, जमिनीवर टेकवल्या तर माझं कमी भरतं. शेवटी आई मागून कमरेला नुसती हात लावून उभी राहायची, धरायची नाही, आणि मी श्वास रोखून आकडा वाचायचे. दुसरी खूण पायावरची सूज. आता डावा पाय मांडीपासून सुजलेलाच होता, मोडलेला पाय महिनोन्महिने सुजतो. मी पहिल्या तपासणीला हे विचारलं तेव्हा हृदयरोगतज्ज्ञ हसले. “डाव्याकडे बघूच नका. तो हाडवाल्यांचा. तुम्ही उजवा बघा, तो माझा.” तेव्हापासून आमच्या घरात पायांची वाटणी झाली.

आता खरं अवघड काय होतं ते सांगते. दम. वॉकर घेऊन खोलीच्या दारापर्यंत गेलं की दम. आंघोळीला स्टुलावर बसून पाणी घेतलं तरी दम. आणि हा दम कुणाचा, हे कुणालाच सांगता येईना. हृदयाचा असू शकतो. रक्त कमी असल्याचा असू शकतो, आणि माझं हिमोग्लोबिन तेव्हा होतंही कमी. पायातून गुठळी सुटून फुप्फुसात गेल्याचा असू शकतो. त्या भीतीने एकदा तातडीने सीटी झाला आणि तो निर्दोष निघाला. आणि नुसतं पडून राहिल्याचाही असू शकतो. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं आणि त्यांची ताकद मोजली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा मोजलं, तर वयाच्या तीस वर्षांनी जेवढी ताकद घटली नव्हती तेवढी त्या तीन आठवड्यांनी घटवली होती असं निघालं. ते विशीतले, तब्येतीने ठणठणीत. मी चाळिशीतली, आणि तीन आठवड्यांहून किती तरी जास्त आडवी.

घरच्यांनी आपापले पक्ष निवडले होते. आईचं म्हणणं, हृदयाचं दुखणं आहे, हलू नको. नवऱ्याचं म्हणणं, पाय जायबंदी आहे, हलवला नाहीस तर तसाच राहील. मी दिवसागणिक पक्ष बदलायचे. जेव्हा चालायचा कंटाळा असे तेव्हा हृदयाच्या बाजूने बोलायचे.

यातून वाट निघाली ती हृदयरुग्णांच्या पुनर्वसन वर्गात. मला तिथे पाठवलं तेव्हा मी नाखुशीनेच गेले. बाकी सगळे बायपासवाले, स्टेंटवाले, बहुतेक माझ्यापेक्षा वीस-वीस वर्षांनी मोठे, आणि चालायला माझ्यापेक्षा तरतरीत. “तुम्हाला किती ब्लॉकेज?” हा तिथला नमस्कार. एकही नाही म्हटल्यावर काका लोकांच्या चेहऱ्यावर जी दया उमटायची ती पाहण्यासारखी. त्यांना वाटे, डॉक्टरांनी हिला सांगितलं नाही वाटतं.

तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारला जो तोवर कुणी विचारला नव्हता. सहा मिनिटं सपाटीवर जमेल तेवढं चालायचं, ही चाचणी. मी चौथ्या मिनिटाला थांबले. त्यांनी अंतर लिहिलं नाही, आधी विचारलं, “थांबवलं कुणी? पायाने की श्वासाने?” मला उत्तर देता येईना. म्हणाल्या, पुढच्या वेळी लक्ष ठेवा. पुढच्या वेळी लक्ष ठेवलं. पायाने. मांडीत पेटल्यासारखं झालं म्हणून थांबले होते, आणि थांबल्यावर मग श्वास लागला होता. त्यानंतर काही आठवडे मी प्रत्येक वेळी हेच लिहीत गेले, आणि वही भरत गेली तसं दिसलं की सपाटीवर पाय थांबवतो आणि जिन्यावर श्वास. म्हणजे दोन्ही दुबळे होते, पण वेगवेगळ्या ठिकाणी. मग व्यायामही तसे वाटले: पायाची ताकद बसून, वजनं बांधून, हृदयाचा व्यायाम हाताने फिरवायच्या सायकलवर, जिथे डाव्या पायाचा संबंधच नाही. हाताच्या सायकलवर पहिल्यांदा घाम आला तेव्हा मला कळलं की आता जो दमतोय तो नक्की कोण आहे.

नाडी मोजून काही कळत नसे, कारण बिसोप्रोलॉल नाडीला वर चढूच देत नाही. तिथे भिंतीवर एक तक्ता होता, ६ ते २० आकड्यांचा, स्वीडनच्या गुन्नर बोर्ग यांनी बनवलेला. किती श्रम होताहेत ते आपणच आकड्यात सांगायचं. सुरुवात ६ पासून का, तर आकड्याला दहाने गुणलं की निरोगी तरुण माणसाची नाडी साधारण तेवढी येते, म्हणून. आम्ही ११ ते १३ च्या मधे राहायचं. काकांपैकी एक जण काहीही करताना “अकरा” म्हणायचे, घाम निथळत असला तरी.

तीन महिन्यांनी एमआरआय झाला. मांडीत धातू असून कसा, असं सगळ्यांनी विचारलं. टायटॅनियम चुंबकाला ओढत नाही, आणि सळई हृदयापासून लांब असल्याने चित्रही बिघडत नाही. गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात, ते हृदयात जिथे व्रण असेल तिथे रेंगाळतं आणि पांढरं दिसतं. श्वास सोडून रोखायचा, मग पुन्हा, मग पुन्हा, पाऊण तास. निकाल: सूज नाही, मोठा व्रण नाही, आकुंचन ५१ टक्के. दोन कप्प्यांमधल्या पडद्यावर, उजवा कप्पा जिथे जुळतो तिथे एक पुसट पांढरी रेघ. मी त्या रेघेवरून बरेच प्रश्न विचारले. माझ्या कामात केसाएवढी भेगही मी नोंदवते, तिच्यावर तारीख घालते, सहा महिन्यांनी पुन्हा बघते. डॉक्टर म्हणाले, त्या जागी अशी रेघ अनेकांत दिसते, तिच्यावरून काही ठरवता येत नाही. छातीवर मार बसून झालेली जखम असती तर व्रण दिसण्याची शक्यता जास्त होती, असंही म्हणाले. म्हणजे कौल पुन्हा पायाकडे. पण शिक्कामोर्तब कुणी केलं नाही, करणारही नाही.

याच सुमारास एका मामेभावाने मला अमेरिकन फुटबॉल खेळाडू डॅमार हॅमलिन याची चित्रफीत पाठवली. २ जानेवारी २०२३ च्या सामन्यात छातीला टक्कर बसून तो मैदानातच कोसळला, हृदय थांबलं, तिथल्या तिथे छाती दाबून आणि शॉक देऊन त्याला परत आणलं, आणि त्याच वर्षी तो पुन्हा खेळायला उतरला. खाली लिहिलं होतं, “बघ, तोही बरा झाला.” हेतू चांगला, पण तो प्रकार निराळा. ठोक्याच्या चक्रात काही मिलिसेकंदांची एक नाजूक वेळ असते, नेमक्या त्या वेळी छातीवर आघात झाला तर निरोगी हृदयाचीही वीज बिघडते. स्नायूला जखम झालेलीच नसते. त्यामुळे वाचला तो झटपट सावरतो. माझी वीज एका रात्रीपुरती बिघडली होती. मंदावला होता तो स्नायू, आणि स्नायूला महिने लागतात. मी हे सगळं त्याला लिहिलं. त्याने अंगठा पाठवला.

वर्षाच्या तपासणीत इको ५८ वर होता. इथे मला वाटलं होतं की गोळ्यांचा डबा बंद होईल. तसं झालं नाही. दुसऱ्या एका प्रकारच्या हृदयदौर्बल्यात, जिथे हृदय पसरून ढिलं पडतं, बऱ्या झालेल्या रुग्णांच्या गोळ्या थांबवून पाहणारी एक चाचणी ब्रिटनमध्ये झाली होती. सहा महिन्यांत सुमारे ४० टक्के लोकांचं हृदय पुन्हा घसरलं. माझं कारण वेगळं, एकदाच घडलेलं, त्यामुळे तो आकडा मला सरळ लावता येत नाही, असं डॉक्टरांनीच सांगितलं. पण माझ्यासारख्यांच्या गोळ्या केव्हा थांबवाव्यात याचं छापील उत्तर नाही, म्हणून त्यांनी सावधपणे एकेक काढायचं ठरवलं. फ्युरोसेमाइड तर आधीच गेली होती. मग एप्लेरेनोन, आणि तीन महिन्यांनी इको. मग रामिप्रिल अर्धी. इको. आईला हे अजिबात पसंत नाही; तिच्या मते चालू आहे ते चालू द्यावं. मला उलट वाटतं की माझं हृदय स्वतःच्या बळावर उभं आहे की टेकूवर, हे मला कळायला हवं. टेकू काढल्याशिवाय ते कळत नाही, आणि टेकू एकदम काढत नाहीत, हे मला शिकवायची गरज नव्हती.

सध्या बिसोप्रोलॉलची लहानातली लहान मात्रा तेवढी चालू आहे. जिना दोन मजले न थांबता चढते, तिसऱ्याला पाय कुरकुरतो. कामावर परत गेले आहे. परांचीवर अजून चढत नाही, खाली उभी राहून दुर्बिणीतून बघते आणि चढायचं काम हाताखालच्या मुलांना देते. ती फार बारकाईने बघत नाहीत, पण पट्टे बांधतात.

मांडीतली सळई काढायची का, असं अस्थिरोगतज्ज्ञांनी मागच्या महिन्यात विचारलं. हाड जुळलंय, ठेवली तरी चालते, खुपत असेल तर काढू. भूलतज्ज्ञांनी आधी इको मागितला. हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, हृदयाकडून हरकत नाही. तिघांचं तिघांशी इतकं चटकन जमलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. थंडीत मांडी थोडी ठणकते, तेवढ्यासाठी पुन्हा भूल घ्यायची मला हौस नाही. राहू द्या म्हटलं.